हरतालिकेच्या दिवशी तांबी

माझ्या मुलाचं काही बिनसलं की तो स्वयंपाकघरात येतो आणि फ्रिज उघडतो. घेत काहीच नाही. नुसता आत बघत उभा राहतो, जणू आतून कोणीतरी त्याला उत्तर देणार आहे. हरतालिकेच्या त्या सकाळी तो असाच उभा होता आणि मी खाली बसून नारळ खवत होते. दुसऱ्या दिवशी गणपती, मोदकांचं सारण आदल्या दिवशी करून ठेवायची माझी पद्धत. फ्रिजची हवा माझ्या पाठीला लागायला लागली तेव्हा मी म्हटलं, "बोल आता. दूध नासेल."

"आई, ती तातडीची गोळी असते ना, ती आहे का गं घरात?"

मी खवणीवरून उठले. बँकेत कर्जाचे हप्ते थकवणाऱ्यांना फोनवर खडसावणारा माझा मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"फाटला का?"

"हं."

"रात्री?"

"आई, प्लीज. ती म्हणाली, तुम्हीच आईंना सांगा, म्हणून सांगतोय."

आमच्या घरात या विषयाची लाज बाळगायचं खरं तर कारण नाही. मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात कुटुंबनियोजन विभागात सिस्टर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. पाळणा लांबवायचा असेल त्यांना पाळणा लांबवायचे उपाय सांगायचे आणि थांबवायचा असेल त्यांना थांबवायचे, हेच माझं आयुष्यभराचं काम. लोकांच्या घरी मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळतात. माझा मुलगा बिचारा लहानपणी पाहुण्यांसमोर मोठ्या आवाजात 'निरोध' म्हणायचा आणि पाहुण्यांना ठसका लागायचा. मोठा झाल्यावर मात्र त्याला सगळी लाज एकदम आली.

पण त्या सकाळी गंमत करायची वेळ नव्हती, हे मला कळत होतं. माझी सून पोलीस भरतीची तयारी करत होती. तिचं माहेर कात्रजच्याही पलीकडे, अलीकडेच महापालिकेत आलेलं गाव. लग्नाआधी तिने एकदा भरती दिली होती आणि थोडक्यात हुकली होती. मग लग्न झालं, मग नात झाली. नात चालायला लागली तशी सुनेने कपाटातले पळायचे बूट पुन्हा बाहेर काढले. रोज पहाटे ती मैदानावर पळायची, गोळा फेकायची, घामाघूम होऊन घरी यायची आणि नातीला दूध पाजता पाजता सामान्य ज्ञानाची उत्तरं घोकायची. भरतीच्या वयाची अट संपत आली होती. यंदाची संधी हुकली की विषय संपला. तिला दुसरं मूल हवं होतं, पण वर्दी अंगावर चढल्यानंतर. आता दिवस राहिले असते तर बाकीच्या मुली मैदानावर पळत असताना ही सातव्या महिन्याचं पोट घेऊन काठावर उभी असती. आमच्या घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून तर मुलाचा चेहरा तसा झाला होता.

घरात गोळी नव्हती. मी पायात चपला सरकवल्या आणि आळंदी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग गोळीच्या डबीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. तुमची काही हरकत?"

तो एकदम गंभीर झाला. डबी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. मी म्हटलं, "गुंडाळता कशाला? बोंबील आहेत का?" मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मी डबीवरची तारीख वाचली, डबी न गुंडाळता हातात धरली आणि तशीच चालत घरी आले. मला वाटलं, संपलं काम.

सून न्हाऊन, हिरवी साडी नेसून, ओल्या केसांची गाठ मारून पत्री निवडत बसली होती. मी तिच्यासमोर गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला ठेवला.

तिने पेला उचलून बाजूला सारला. "आई, आज पानी चालत न्हाई."

"मग कोरडी गिळ."

"गोळी बी चालत न्हाई. निरंकार हाय. उद्या सकाळी उपास सोडला की पयली हीच घेते."

मी आयुष्यात एकही उपास धड पार पाडलेला नाही. दुपारचे बारा वाजले की माझं डोकं फिरतं आणि घरातली माणसं स्वतःच मला जेवायला वाढतात. त्यामुळे उपासाचं महत्त्व मला कोणी सांगू नये आणि मीही कोणाला सांगत नाही. पण गोळीचं मला नक्की माहीत होतं. ती तीन दिवसांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर घ्याल तितका तिचा भरवसा जास्त. उद्या सकाळी घेतली तर काही आकाश कोसळणार नव्हतं. तरी जी गोष्ट आत्ता या क्षणी करता येते ती उद्यावर टाकायची, हे माझ्या हाडात बसत नाही.

"अगं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास करायचा तर कर. त्याचं आयुष्य काही एका गोळीने कमी होणार नाही."

ती हसली. "ह्यांच्यासाठी कुठं धरलाय? ह्यांना काय धाड भरलीय? ह्या वक्ताला मी भरतीसाठी धरलाय. पार्वतीमाईला सांगितलंय, पान्याचा थेंब तोंडात घेनार न्हाई, तेवढं माझं सिलेक्शन कर."

मी डोक्याला हात लावला. भरती हुकू नये म्हणून गोळी घ्यायची आणि भरती हुकू नये म्हणूनच गोळी घ्यायची नाही! असा पेच मला नोकरीत कधी कोणी घातला नव्हता. मी बरंच काही बोलले. देवीला एवढं कळत नसेल का, असंही बोलले. ती शांतपणे बेलाची पानं निवडत राहिली. तिचं हे मला फार आवडतं आणि त्याचाच मला फार राग येतो. ती भांडत नाही. ती फक्त हलत नाही.

मी पाय आपटत स्वयंपाकघरात परत आले आणि उरलेला नारळ असा खवला की त्याच्यात करवंटीही आली. ते खोबरं टाकून द्यावं लागलं. दुसरा नारळ फोडताना मात्र माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोंडातून काही जाता कामा नये, एवढीच तर तिची अट. मग जे तोंडातून जातच नाही ते का नको?

तांबी!

तांबी म्हणजे कॉपर-टी. गर्भाशयात बसवायचं छोटंसं साधन. पाळणा लांबवण्यासाठी ती बसवतात हे पुष्कळ बायकांना माहीत असतं. पण असं काही अवचित झाल्यावर पाच दिवसांच्या आत ती बसवली तर त्या वेळचंही काम तीच करते, आणि गोळीपेक्षा चोख करते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. शिवाय पुढची चिंता मिटते ती वेगळीच. मी एकटीच मोठ्याने हसले. मुलगा धावत आला. त्याला वाटलं, उपास सुनेचा आणि चक्कर आईला.

अडचण अशी होती की बाळंतपणानंतर मी सुनेला तांबी सुचवली तेव्हा तिने साफ नाही म्हटलं होतं. तिच्या चुलतीने तिला सांगून ठेवलं होतं की तांबी हळूहळू वर चढते आणि काळजात शिरते. मी चित्र काढून दाखवलं होतं, रस्ताच नाही तर चढेल कुठून म्हणून विचारलं होतं. ती 'व्हय, व्हय' म्हणाली होती आणि हलली नव्हती. आता पुन्हा विषय काढला तेव्हा तिने हातातलं बेलाचं पान खाली ठेवलं.

"उपास मोडत न्हाई ना?"

"मोडायला तू काय ती खाणार आहेस?"

"मंग इचारून येऊ. बसवीन असं म्हनत न्हाई मी. निस्तं इचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी गणपतीची सुट्टी, बाह्यरुग्ण विभाग बंद. परवापर्यंत थांबणं माझ्या स्वभावात नाही, जायचं तर आजच. मुलाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, नातीला कडेवर घेतलं आणि आम्हाला रिक्षा थांबवून दिली. रिक्षात बसेपर्यंत तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मीच भरतीला निघाले आहे.

माझं जुनं प्रसूतिगृह मी इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. एरवी ज्या व्हरांड्यातून वाट काढत जावं लागतं तिथे एक मांजर झोपलं होतं. बायका सगळ्या आपापल्या घरी वाळूची पिंड करत बसलेल्या. आत सिस्टर हिरव्या बांगड्या घालून बसल्या होत्या आणि चहाची किटली पालथी होती. डॉक्टरीणबाई माझ्या हाताखाली नाही म्हणता येणार, पण माझ्या डोळ्यांसमोर तयार झालेल्या. नवीन आल्या तेव्हा पेशंटला घाबरायच्या, आता पेशंट त्यांना घाबरतात. त्यांचाही निरंकार उपास होता आणि त्याचा परिणाम त्यांच्या आवाजावर स्पष्ट जाणवत होता.

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पाळीची तारीख विचारली आणि म्हणाल्या, "आधी लघवीची तपासणी करू. आधीचे दिवस नाहीत ना, ते बघायला हवं."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. "पहाटेपासून थेंब न्हाई पोटात. देऊ कुठनं?"

मग ती सिस्टरने दिलेली लहानशी बाटली घेऊन गेली आणि आम्ही वाट बघत बसलो. ती रिकामी बाटली घेऊन परत आली. सिस्टर म्हणाल्या, नळ सोडून बघा. नळाला पाणी नव्हतं. मग म्हणाल्या, जरा पळून या. भरतीची मुलगी ती, खरंच व्हरांड्यातून हिरव्या साडीत दोन-चार फेऱ्या मारून आली. मांजर उठून निघून गेलं. शेवटी कसेबसे थेंब मिळाले, तपासणी झाली, आधीचं काही नव्हतं. आम्ही सगळ्या एवढ्या हसलो की उपाशी पोटी हसल्याने डॉक्टरीणबाईंनाच उचकी लागली आणि उचकीवर पाणी पिता येईना.

त्या सावरल्या आणि सुनेला म्हणाल्या, "या आत." मीही उठले. पर्स खांद्याला लावली. तांबीबद्दल काय काय सांगायचं, कुठल्या क्रमाने सांगायचं, चुलतीच्या काळजाचं काय उत्तर द्यायचं, सगळं मी रिक्षातच ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"सिस्टर, तुम्ही बाहेर बसा. बाहेर हवा चांगली आहे."

हे वाक्य माझं. त्यांनी ते माझ्याच तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं. सुनेला घेऊन आलेल्या सासवा, बायकोला घेऊन आलेले नवरे, लेकीला घेऊन आलेल्या आया, सगळ्यांना मी याच वाक्याने बाहेर बसवत असे. जिच्या पोटाचा प्रश्न तिलाच विचारायचा, एकटीला विचारायचा, हा माझा नियम होता आणि त्यासाठी मी कित्येक सासवांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी पर्स खांद्यावरून उतरवली. दार बंद झालं.

बाहेर हवा अजिबात चांगली नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पंखा नुसता आवाज करतो. बाक मध्यभागी खचलेला, त्यामुळे माणूस आपोआप मधे घसरतं. मी पर्स मांडीवर घेऊन बसले. आतून काही ऐकू येतं का म्हणून जरा दाराकडे सरकले, तर सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा मधे घसरले. आत डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं असेल? सून काय म्हणाली असेल? ती 'उद्या गोळीच घेते' म्हणून बाहेर आली तर? आणि काहीच नको म्हणाली तर? मला वाटायला लागलं, दार ढकलून आत जावं आणि म्हणावं, अगं, हो म्हण. मग वाटलं, तू बाहेर बसलीस हेच बरं झालं, बाई. तू आत असतीस तर ती 'व्हय, व्हय' म्हणाली असती. मी तापट आहे, पण मूर्ख नाही.

आत बराच वेळ गेला. मधेच दोघींचा हसण्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग काहीच आवाज नाही. मग स्टीलच्या ट्रेमध्ये अवजारांचा खणखणाट. मला तो आवाज चांगला ओळखीचा. मी बाकावरून उठले आणि तिथल्या तिथे फेऱ्या मारायला लागले.

दार उघडलं. सून जरा वाकून, ओटीपोटाला हात लावून बाहेर आली. चेहरा घामाने चमकत होता.

"बसली," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिने माझा हात धरला आणि आम्ही सावकाश रिक्षापर्यंत गेलो. रिक्षात तिने आतलं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर दोन्ही गोष्टी मांडल्या होत्या. उद्या सकाळी गोळी घेतलीस तरी चालेल, भरवसा थोडा कमी, आणि ती या एकाच वेळेपुरती. तांबी बसवलीस तर आजचंही काम होईल आणि पुढचंही, हवी तेव्हा काढता येईल. पहिले काही महिने पाळीला जास्त जाईल, ओटीपोटात दुखेल, पळताना त्रास झाला तर ये. सुनेने त्यांना चार प्रश्न विचारले. पळताना पडेल का? सहसा नाही, पण पाळीनंतर तांबीचा दोरा बोटाला लागतो का ते बघत जा. काळजात शिरेल का? त्यावर डॉक्टरीणबाईंनी मी काढलं होतं तसंच चित्र काढलं, आणि या वेळी तिला ते पटलं. का पटलं, ते मी विचारलं नाही. आणि तिसरा प्रश्न, आज रक्त गेलं तर पाळी धरायची का, पूजेला बसता येईल का?

"मंग काय म्हनाल्या ठाव हाय? म्हनाल्या, सुरीनं बोट कापलं तर तू पूजा करत न्हाईस का? मी बी बसनार हाय पूजेला, मला इचार."

उपाशी पोटी चक्कर आली तर काय, असंही तिने विचारलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सलाईन लावीन, ते काही तोंडातून जात नाही. त्यावरून दोघी हसल्या होत्या, तेच मला बाहेर ऐकू आलं होतं.

पुढे भरती झाली. ती पळाली, निवडली गेली आणि सध्या प्रशिक्षणाला आहे. सुट्टीच्या दिवशी फोन करून नातीला 'सावधान' म्हणायला लावते. मैदानावर तिचं नाव पुकारलं तेव्हा मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पण एवढा मोठा आनंद होऊनही मला जास्त आठवते ती त्या हरतालिकेची संध्याकाळ.

आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी बायका गच्चीवर जमतात. झिम्मा, फुगड्या, गाणी. सून दरवर्षी फुगडीत सगळ्यांना दमवते. त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती आणि नात तिच्या बांगड्यांशी खेळत होती. मी लिंबाचं सरबत घेऊन कोपऱ्यात, कारण उपास माझा नव्हता.

शेजारच्या काकू फुगडी घालून धापा टाकत आल्या. "आज तू का बसलीस गं? काही विशेष?" आणि डोळे मिचकावले.

एखादी म्हणाली असती, डोकं दुखतंय. माझी सून म्हणाली, "विशेष न्हाई म्हनूनच बसलेय. सकाळी तांबी बसवली."

गच्चीवरच्या टाळ्या थांबल्या. मला वाटलं, आता कोणीतरी घसा खाकरून गाणं सुरू करील. पण खालच्या मजल्यावरची नवी नवरी हळूच सरकून तिच्याशेजारी बसली. "दुखतं का गं फार? अॅक्चुअली मी ना, ती तातडीची गोळी घेते. या महिन्यात दोनदा झाली. चालतं ना?"

"अगं, ती अडीअडचनीची हाय. रोजची न्हाई. रोजचं वेगळं असतं, दवाखान्यात फुकट मिळतं. उद्या न्हाई, परवा जाऊन इचार. एकटी जा."

मग आणखी एक सरकली. मग आणखी एक. थोड्या वेळाने फुगडीचं रिंगण राहिलं नाही, सुनेभोवतीच रिंगण झालं. बाळ लहान आहे, चालेल का? नवरा ऐकत नाही, काय करू? काळजात शिरते म्हणतात, खरं का? सूनबाईंनी हातात एक रुंद हिरवं पान घेऊन त्याच्या पाठीवर काडीने गर्भाशय काढलं. माझं चित्र, डॉक्टरीणबाईंचं चित्र, आता तिचं. नोकरीत असताना मी भोंगा लावून, भिंतीवर तक्ते टांगून, बायकांना हाका मारून मारून बोलावत असे, तरी त्या पदर तोंडाला लावून लांब उभ्या राहायच्या. इथे गाणी-फुगड्या सोडून सगळ्या दाटीवाटीने बसल्या होत्या. मी सरबत खाली ठेवलं. मला दोन-तीन ठिकाणी बोलावंसं वाटलं, पण मी ओठ दाबून धरले, आणि हे मला किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

शेवटी काकूंनी माझ्याकडे बोट दाखवत सुनेला विचारलं, "तुझ्या सासूबाईंनीच बसवायला लावली असेल ना? त्यांचं कामच होतं ते."

सुनेने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"न्हाई वो काकू. त्यांना तर डॉक्टरनी भायेर बसवलं व्हतं. माझी मी बसवली."

मी उठले, नातीला उचललं आणि तिच्या गालाचे पटापट मुके घेतले. सुनेला जवळ घेतलं असतं तर सगळ्या बायकांसमोर मला रडू आलं असतं.